काढून टाकल्यावर उरलेलं

कॉम्प्युटर सुरू झाला, पंखा घरघरला, पडदा उजळला आणि मधोमध एक चौकट येऊन थांबली : डिस्कवर जागा शिल्लक नाही. प्रसेनजीतनं ती ओळ वाचली, चहाचा कप स्टुलावर ठेवला आणि म्हणाला, "आक्का, हे तर हाउसफुल्ल झालंय."

"दिसतंय मला," साक्षी म्हणाली.

"फॉरमॅट मारूया. अर्ध्या तासाचं काम. रविवारी कोरं करकरीत मशीन नेऊन ठेवतो अभ्यासिकेत."

प्रसेनजीत साक्षीचा चुलत भाऊ. दिवसा एका पतसंस्थेत नोकरी करायचा आणि संध्याकाळी विहाराच्या वरच्या मजल्यावरची अभ्यासिका सांभाळायचा. स्पर्धा परीक्षांची आणि मराठी टायपिंगची तयारी करणारी मुलंमुली तिथं बसत. साक्षीच्या वडिलांनी, जयसिंग शिंग्यांनी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात त्या मुलांना शब्द दिला होता : माझा कॉम्प्युटर तुम्हाला देतो, फक्त जरा नीट लावून देतो. ते लावणं चालू असतानाच, डिसेंबरच्या शेवटी, सकाळी दाढी करताना ते खाली बसले ते उठले नाहीत. साक्षी ॲबर्डीनहून, स्कॉटलंडच्या पार उत्तरेकडच्या त्या गावाहून, विमानं बदलत कोल्हापूरला पोचली तेव्हा पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली होती आणि भिंतीला टेकवून ठेवलेला फोटो होता. तिला सुट्टी जोडून घेता यावी म्हणून पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पुढं ढकलला होता. तो आता रविवारी होता. वंदना झाली, लोकांचं बोलून झालं की कॉम्प्युटर मुलांच्या हवाली करायचा. गेलेल्या माणसाच्या नावानं त्या दिवशी दान द्यायचं, आणि त्यानं स्वतः बोललेलं दान असेल तर ते आधी द्यायचं, याबद्दल घरात कुणालाच काही विचारावं लागलं नव्हतं.

"फॉरमॅट नको," साक्षी म्हणाली.

"का पण?"

"टायपिंगची सगळी बैठक आण्णांनी हातानं बसवलीय. परीक्षेला असतो तसा कीबोर्ड, वेळ लावून उतारे, चुका मोजणं. पुसलं तर तुला परत बसवता येणार आहे?"

प्रसेनजीतनं मान खाजवली. "मला विंडोज येतंय, आक्का. काकांचं हे लिनक्स-बिनक्स आमच्यात कुणाला येतंय?"

"मग राहू दे. मी साफ करते. शनिवारपर्यंत होईल."

"बघ हां. पोरींची परीक्षा पुढच्या महिन्यात हाय. रविवारी मशीन चालू पायजे. नुसतं हार घालून ठेवायला न्हवं."

"ती करती म्हणत्या न्हवं?" आतून आई म्हणाली. "मग तुझा चहा संपव आणि जा की कामाला. पतसंस्था काय तुझी वाट बघत बसल्या?"

"बघत न्हाई, काकू. मी गेलो की हिशेब जुळत न्हाई म्हणत्यात," प्रसेनजीत म्हणाला आणि उभ्याउभ्याच चहा संपवून गेला.

आईचं, बायडाबाईंचं, असंच होतं. आण्णांचे कपडे तिनं साक्षी यायच्या आधीच वाटून टाकले होते. चांगले शर्ट भावाला शिरोळला, स्वेटर वॉचमनला, चपला आणखी कुणाला. चष्मा नेत्रशिबिरात. पलंगावरची गादी उन्हात टाकून, कापूस पिंजून, पुन्हा शिवून घेतली होती. साक्षीनं कपाट उघडलं तेव्हा आत नवा कागद अंथरलेला होता आणि डांबराच्या गोळ्यांचा वास होता. तिनं ते तसंच लावून घेतलं होतं. त्या घरात आण्णांचा हात फिरलेला असा एकच कोपरा आता राहिला होता, आणि तो हा कॉम्प्युटर होता. रविवारपर्यंत तिचा.

आण्णा आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडचे निदेशक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुना कॉम्प्युटर घेतला, आणि तो सारखा पैसे आणि परवानग्या मागतो म्हणून वैतागून विंडोज काढून त्यावर लिनक्स टाकलं. ते फुकट होतं हे एक झालंच. त्याहून त्यांना आवडलं ते हे, की लेथसारखं त्याचं झाकण काढून आत काय फिरतंय ते बघता येत होतं. रोज नवं काहीतरी टाकायचं, चालवायचं, कंटाळा आला की काढायचं. रविवारी फोनवर ते सांगत, "एक नवीन आणलंय बघ." पुढच्या रविवारी साक्षीनं विचारावं तर, "ते? ते काढलं की." काय होतं, का काढलं, हे तिला कधी नीट कळलं नाही. साक्षी एका संशोधन संस्थेत आकडेवारीचं काम करत होती; लिनक्सशी तिचा रोजचा संबंध होता. पण ते ऑफिसातलं लिनक्स. त्यात कुणी घर केलेलं नव्हतं.

साफ करायला बसली तेव्हा तिला एक गोष्ट ठाऊक होती. एखादा प्रोग्रॅम काढून टाकला की सिस्टीम त्याच्याबरोबर आलेलं सगळं उचलून नेते. पण तो प्रोग्रॅम वापरता वापरता माणसाच्या स्वतःच्या फोल्डरात जे साठलेलं असतं, त्याला ती हात लावत नाही. ती घरच्या माणसाची वस्तू. ती घरच्या माणसानंच उचलायची. आणि ती दिसतही नाही, कारण अशा फोल्डरांच्या नावाआधी एक टिंब असतं आणि टिंब असलेलं सगळं लिनक्स झाकून ठेवतं.

तिनं दोन बटणं एकदम दाबली. लपलेलं दिसू लागलं. पडदा वरपासून खालपर्यंत भरला, मग खाली सरकवावा लागला, मग आणखी.

तिनं सध्या काय काय बसवलेलं आहे त्याची यादी काढली आणि टिंबवाली नावं तिच्याशी ताडून बघायला लागली. यादीत नाव नसेल तर ते उरलेलं. प्रिंटरचं काहीतरी होतं. प्रिंटर घरात नव्हताच. पुसलं. फोटो सारखे करायचं काहीतरी, आत छोट्या छोट्या छायाचित्रांचा ढीग. पुसलं. थोडी जागा मोकळी झाली. मग एक नाव आलं ते बुद्धिबळाचं.

आत बघितलं तर दोन-चार लहान फायली. मोहऱ्यांचा रंग, खिडकीची लांबीरुंदी, आणि एका फायलीत खेळीमागून खेळी लिहिलेला एक डाव. शेवटची खेळी मशीनची होती.

साक्षीचा हात पुसायच्या बटणाशी थांबला. हाच प्रोग्रॅम परत टाकला तर तो आधी हा फोल्डर शोधील, हे तिला माहीत होतं. सापडला तर काही न विचारता जुन्या मांडणीनं उघडेल. तिनं प्रोग्रॅम परत टाकला. लहानसा होता, लगेच आला. खिडकी उजव्या अंगाला उघडली, भिंग लावल्यासारखी मोठी अक्षरं, पट फिरवलेला, काळे मोहरे खाली. आण्णा काळेच घ्यायचे. अर्धा डाव. उंट कोंडलेला, वजीर दबा धरून बसलेला. वर लिहिलेलं होतं : काळ्याची खेळी.

ती कितीतरी वेळ बघत राहिली. माऊसला हात लावला नाही. जणू ते नुसते चहा प्यायला उठून आत गेले होते.

मग तिनं पुढचं नाव घेतलं, आणि तेही परत टाकलं.

ड्रॉइंग काढायचा प्रोग्रॅम उघडला तो मिलिमीटरमध्ये, जाड रेघेवर, डाव्या बाजूला फक्त त्यांना लागणारी हत्यारं मांडून ठेवलेला. गाणी ऐकायचा उघडला आणि पंखा, रस्ता, सगळं बुडवून स्पीकर ओरडला. आवाज शेवटच्या रेघेच्याही वर नेलेला होता. डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येत होतं. हे फोनवर कधी जाणवलं नव्हतं, कारण फोन ते उजव्या कानाला लावत. नकाशांचा उघडला तो शिरोळवर, नदीच्या वळणावर. प्रत्येक खिडकी पडद्याच्या उजव्या अंगाला. प्रत्येक अक्षर मोठं. प्रत्येक ठिकाणी ते नुकतेच उठून गेलेले.

"साफ करायलीस का भरायलीस?" आई दारातून म्हणाली. तिच्या हातात निवडलेल्या मेथीची परात होती.

"बघते आहे फक्त."

"बघ. प्रसेनजीतचा फोन आलता. म्हटलं, चाललंय तिचं."

"चाललंय," साक्षी म्हणाली.

शुक्रवारी दुपारी तिनं एक असं नाव उघडलं जे तिला ओळखीचं नव्हतं. टाकून बघितलं. पडदा काळा झाला, मग खालून हळूहळू निळा होत गेला. आभाळ होतं ते. कुठल्याही गावाचं, कुठल्याही वेळचं आभाळ दाखवणारा प्रोग्रॅम. क्षितिजावर दिशांची अक्षरं होती आणि नजर पूर्वेकडे लावून ठेवलेली होती. क्षितिजापासून जेमतेम वर, डाव्या-उजव्याचा अंदाज घेत असल्यासारखा, फिकट सूर्य. कोल्हापुरात बाहेर दुपार टळत होती. हा सूर्य नुकता उगवलेला होता. तिनं कोपऱ्यातलं गावाचं नाव वाचलं.

ॲबर्डीन.

दोन वर्षांपूर्वी, तिनं नवं घर घेतलं तेव्हा, फोनवर त्यांनी विचारलं होतं, "तुझ्या स्वयंपाकघरातल्या खिडकीचं तोंड कुठं?"

"बहुतेक पूर्वेला."

"बहुतेक म्हणजे काय? बघून सांग." ती हसली होती. पण फोन घेऊन खिडकीशी गेली होती, आणि होकायंत्र उघडून, बघून, सांगितलं होतं.

आता त्या खिडकीतून ती इथे बसून बाहेर बघत होती. तो तिच्याच सकाळचा सूर्य होता, जानेवारीतला, समुद्रावर कसाबसा चढणारा. खिडकीच्या आत मात्र कुणी नव्हतं. ती इकडे आणि बघणारा तिसरीकडेच.

खाली एक सूचना आली : ताऱ्यांचा मोठा संच सापडत नाही, पुन्हा आणू का? आण्णांनी कधीतरी तो आणलेला असणार. तो किती मोठा आहे हे तिथंच बाजूला लिहिलेलं होतं. आकड्यांत आयुष्य गेलेल्या साक्षीनं तो आकडा वाचला नाही. तिनं हो म्हटलं, आणि आईबरोबर चुलत्यांकडे रविवारच्या जेवणाचं ठरवायला निघून गेली.

शनिवारी सकाळी पासवर्ड घातला तर पडदा लुकलुकला आणि त्यानं पुन्हा पासवर्ड मागितला. पुन्हा घातला. पुन्हा लुकलुकला. बंद करून सुरू केला. तेच. डिस्कवर इतकीही जागा उरली नव्हती की तिला आत घेण्यापुरतं काही लिहून ठेवता यावं. दारात उभं राहून बेल वाजवावी, आतून कुणी दिवा लावावा आणि विझवावा, तसं चाललं होतं.

नेमका त्याच वेळी प्रसेनजीत आला. रविवारसाठीच्या खुर्च्यांचं सांगायला आला होता. त्यानं मागं उभं राहून दोन लुकलुकाट बघितले.

"काय केलंस, आक्का?"

"भरलं."

"साफ करणार होतीस न्हवं?"

"हो."

त्यानं तिच्याकडे बघितलं. तो तोंडाळ होता, पण आता आवाज खाली आला. "हे बघ, मी समजतोय. खरंच समजतोय. पण काकांनी शब्द दिलाय त्या पोरींना. मोना आणि अनुजा तर रोज इचारत्यात, सरांचं मशीन कधी येतंय. रविवारी मी त्यांच्यापुढं बंद डबा ठेवू?"

"संध्याकाळपर्यंत थांब."

"पाच वाजता येतो. चालू असलं तर काकांचं लिनक्स. न्हाईतर पेनड्राइव्ह लावून फॉरमॅट मारतो, आणि मग काय राहिलं काय गेलं मला इचारायचं न्हाई."

तो गेल्यावर साक्षीनं ज्याची रोज ऑफिसात गरज पडायची ते केलं. चित्रं-खिडक्यांचं सगळं बाजूला ठेवून नुसतं अक्षरांचं दार असतं, ते उघडलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. त्या दारानं तिला आत घेतलं. आत गेल्यावर खिडक्या नाहीत, उजवं अंग नाही, मोठी अक्षरं नाहीत. फक्त नावं. आधी प्रोग्रॅम काढायचा, मग त्याचा टिंबवाला फोल्डर स्वतःच्या हातानं पुसायचा. या दारातून पुसलेलं कुठल्या कचरापेटीतही जात नाही. जातं ते जातंच.

ताऱ्यांचा तो अवजड संच आधी गेला. श्वास घेण्याइतकी जागा झाली. पण उद्यापासून मुलं या मशीनवर रोज काही ना काही साठवणार होती. तेवढ्यानं भागणार नव्हतं. बाकीचं काढायलाच हवं होतं. तिनं पहिलं नाव लिहिलं आणि बोट तसंच राहिलं.

आई हरभऱ्याचे डहाळे घेऊन आली आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. मांडीवर ताट. घाटे सोलता सोलता तिनं पडद्याकडे बघितलं.

"हे काय, काळंच झालं?"

"असंच असतं आतून. एकेक काढायचंय. आण्णांनी टाकलेलं, मग काढलेलं, मग मी परत टाकलेलं."

"वाच बघू, काय काय हाय."

"तुला कळणार आहे का, आई?"

"मला न कळायला काय झालं? मागं बसून मटार-घेवडं सोलायला मीच असायचे की. वाच."

"बुद्धिबळ."

"ते व्हय. समोरचे दत्तप्रसाद सर वारले, त्यानंतर आणलतं. चार-सहा महिने खेळले मशिनीसंगं. मग म्हणाले, हे लेकाचं हरलं तरी ह्याचं तोंड पडत न्हाई, ह्यात काय मजा? काढून टाकलं."

साक्षीला हसू आलं. "डाव अर्धा ठेवलाय."

"हरत असणार. हरायला लागले की उठायचेच ते. चहा कर म्हणायचे."

साक्षीनं डाव पुन्हा मनाशी मांडून बघितला. कोंडलेला उंट. हरतच होते ते. तिनं बटण दाबलं. मग फोल्डर पुसला. मग म्हणाली, "ड्रॉइंगचं."

"राजवीरला पार्ट काढून द्यायचे. त्यांचा विद्यार्थी, उद्यमनगरात वर्कशॉप हाय त्याचं. रोज ह्यो पार्ट, त्यो पार्ट. मग त्यानं ड्रॉइंगला एक पोरगी ठेवली पगारी. आण्णा म्हणाले, बरं झालं, धंदा वाढला त्याचा." आईनं एक घाटा फोडला, दाणे ताटात टाकले. "दोन दिवस बोलले न्हाईत कुणाशी."

"मला नाही सांगितलं हे."

"तुला सांगण्यासारखं काय त्यात? पुढचं."

"नकाशे."

"शिरोळला पूर आला तेव्हाचं. तुझ्या मामाचं घर किती उंचावर, पाणी कुठपर्यंत येणार, रंग देऊन काढलंतं. फोनवर मामाला सांगत बसले, तुमच्या उंबऱ्याला लागणार न्हाई. मामा म्हणाला, दाजी, मी उंबऱ्यात गुडघाभर पाण्यात हुबा हाय, तुम्ही फोन ठेवा."

या वेळी साक्षी मोठ्यानं हसली आणि तिचे डोळे भरले. आईनं ते बघितलं असेल. ती ताटाकडे बघत होती. साक्षीनं नाव लिहिलं, काढलं, पुसलं. गाण्यांचं काढलं. त्याबद्दल आई एवढंच म्हणाली की आवाजानं शेजारी भांडायला आलते. मग आणखी काही किरकोळ नावं, ज्यांचं आईलाही काही आठवत नव्हतं. ती नावं भराभर गेली. प्रत्येक नावाला साक्षी आईकडे बघायची, आई मान हलवायची, आणि ते जायचं. तिच्या लक्षात आलं की ती आता परवानगीसाठी थांबत नाही आहे, ऐकण्यासाठी थांबते आहे. फोल्डरांत तिला आण्णांच्या खिडक्यांची लांबीरुंदी मिळाली होती. बाकीचं सगळं या बाईकडे होतं, आणि तिला ते कुणी विचारलंच नव्हतं.

शेवटी एकच राहिलं.

"आभाळाचं आहे एक," साक्षी म्हणाली.

आईचे हात थांबले नाहीत, पण सावकाश झाले. "ते परत आणलंस तू?"

"हो."

"तुझं गाव दिसलं असंल."

"हो."

"रात्री जेवायला ताट वाढलं की ते लावून बसायचे. आपल्याकडं जेवणाची येळ, तुझ्याकडं दुपार. हिवाळ्यात तर त्याच टायमाला अंधारायला लागायचं तुझ्यात. मला हाक मारायचे. ये ये, तिचा दिवस बुडायला आला. मी जायचे. बघायचे. रोज. भाकरी गार." आईनं ताट मांडीवरून खाली ठेवलं. "एके दिवशी मी म्हटलं, पोरगी हाय का त्यात? न्हाई न्हवं? मग नुसतं आभाळ काय बघायचं. मला न्हाई बघवत. काढा ते."

"मग?"

"काढलं. लगेच. म्हणालेसुद्धा न्हाईत काही. उठले, काढलं, हात धुवून जेवायला बसले." तिनं मांडीवरची टरफलं झटकली. "भांडायला पायजे होतं त्यांनी. भांडले असते तर मी म्हटलं असतं, राहू द्या."

बाहेर गल्लीत गॅसच्या टाक्यांची गाडी आली आणि गेली. मग साक्षीनं आधी तो प्रोग्रॅम काढला आणि त्याचा फोल्डर उघडून आतलं आईला वाचून दाखवलं. काळ्या पडद्यावर होत्या त्या थोड्याच ओळी. गावाचं नाव. ते पृथ्वीवर कुठं आहे त्याचे आकडे. नजर कुठल्या दिशेला.

"एवढंच?" आई म्हणाली.

"एवढंच."

"मग ठेवून घे की तुझ्या कशात तरी."

"हे मला पाठ आहे, आई. माझंच गाव, माझीच खिडकी. इथंच राहू दिला तरी चालतो तसा. जागा काहीच खात नाही. कुणाला दिसणारही नाही."

आईनं मान हलवली. "न्हाई. देऊन टाकायचं म्हणजे देऊन टाकायचं. आत आपलं कायतरी दडवून दिलं तर ते दिलं न्हवं. उद्या तिथं हात जोडून दिलं म्हणायचं, आणि मनात म्हणायचं, आमचं हाय त्यात. तसलं नको."

साक्षीनं नाव लिहिलं. टिंब आधी, मग अक्षरं. तिनं आईकडे बघितलं. आईनं पदरानं हात पुसले, पुढं झाली आणि विचारलं, "कुठलं दाबायचं?"

साक्षीनं दाखवलं. आईनं बोट ठेवलं, जरा जास्तच जोरानं दाबलं. पडद्यावर काहीच झालं नाही. लिनक्स अशा वेळी काही बोलत नाही. काम झालं की खाली नवी रिकामी ओळ येते.

"गेलं?"

"गेलं."

मशीन बंद करून सुरू केलं. साक्षीनं पासवर्ड घातला. या वेळी पडदा लुकलुकला नाही, सरळ उघडला. टायपिंगचं जिथल्या तिथं होतं. तिनं एक उतारा अर्धा टाइप करून बघितला, घड्याळ चाललं, चुका मोजल्या गेल्या. जागा भरपूर होती. पाच वाजायला आले होते. तिनं प्रसेनजीतला फोन केला, म्हणाली, पेनड्राइव्ह आणू नको, टेंपो आण. तो म्हणाला, येतोय, पण आधी चहा टाका.

आई उठली नाही. रिकाम्या पडद्याकडे बघत होती.

"ते आभाळाचं फुकटच असतंय न्हवं?"

"हो."

"परत टाक. पोरांना बघू दे की तारे. लई जागा खाणारं नको, साधं टाक."

साक्षीनं तिच्याकडे बघितलं, मग टाकलं. प्रोग्रॅम आला, त्यानं टिंबवाला फोल्डर शोधला, तो नव्हता. तेव्हा कुणाचीच ओळख नसल्यासारखं त्यानं पहिल्यांदा एक रिकामी चौकट पुढं केली आणि गाव विचारलं.

"तू कधी जाणार?" आईनं विचारलं. तारीख तिला माहीत होती.

"पुढच्या शनिवारी."

"मग कोल्हापूर टाक."

साक्षीनं कोल्हापूर लिहिलं. पडदा उजळला आणि आभाळ भरलं, निळं, पश्चिमेला पिवळट होत गेलेलं, आणि सूर्य गगनबावड्याच्या बाजूला चांगला खाली उतरलेला. आई चष्मा सारखा करून ते बघत राहिली. मग उठली, चप्पल न घालताच दारात गेली, हात कपाळाशी धरून पश्चिमेकडे बघून आली.

"हाय," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.